बंदिश बांधायला शिकताना

शास्त्रीय संगीतात एम.ए. करणाऱ्या मुलामुलींना घरी आलेले पाहुणे एक प्रश्न हमखास विचारतात, ‘मग पुढं काय, गायक होणार का?’ यावर एखादीनं ‘मला बंदिशी बांधायच्या आहेत’ असं उत्तर दिलं, तर विचारणारा जरा गोंधळतो. सिनेमाला संगीत देणारा माणूस सगळ्यांना ठाऊक असतो. नाटकातल्या पदांना चाली लावणारे गोविंदराव टेंबे, मास्तर कृष्णराव आपल्याला ठाऊक असतात. पण तासभराचा ख्याल ज्या चार ओळींवर उभा राहतो त्या चार ओळीही कधीतरी, कुणीतरी बसून बांधलेल्या असतात, हे फारसं कुणाच्या मनात येत नाही. बंदिश जणू रागाबरोबरच जन्माला आली, अशी आपली समजूत असते.

मी डोंबिवलीत तीसएक वर्षं गाणं शिकवते आहे. ठाण्यापासून बदलापूरपर्यंतची मुलं माझ्याकडे येतात. त्यातली काही विद्यापीठात एम.ए.ला असतात, काही गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या विशारद-अलंकार परीक्षा देत असतात. गेल्या काही वर्षांत एक गोष्ट मला नव्यानं दिसू लागली आहे. दहा मुलांमागे एखादा तरी असा निघतो, ज्याला मैफल गाजवण्यापेक्षा नवी चीज रचण्यात जास्त गोडी असते. अशा मुलांना काय शिकवायचं, आणि ते विद्यापीठात शिकवता येतं का, याबद्दल मला आज बोलायचं आहे.

आपल्याकडे या कामाला जुना शब्द आहे, वाग्गेयकार. तेराव्या शतकातल्या शार्ङ्गदेवानं ‘संगीतरत्नाकर’ या ग्रंथात त्याची लक्षणं दिली आहेत. शब्दांना तो ‘मातु’ म्हणतो, सुरावटीला ‘धातु’. ही दोन्ही ज्याला साधतात तो उत्तम वाग्गेयकार. आणि जो दुसऱ्याच्या चालीवर आपले शब्द बसवतो, त्याला शार्ङ्गदेव ‘कुट्टिकार’ म्हणतो. हा शब्द वर्गात सांगितला की मुलं हसतात. पण या हिशेबानं मराठी संगीत नाटकाचे निम्मे पदकर्ते कुट्टिकार ठरतील. कारण आधी चाल हातात घेऊन मग तिच्यावर शब्द बेतण्याची पद्धत तिथं चांगलीच रुजलेली होती. १९१६ सालच्या ‘स्वयंवर’साठी भास्करबुवा बखल्यांनी ज्या चाली दिल्या त्यातल्या कितीतरी थेट ख्यालाच्या बंदिशींवरून आलेल्या आहेत. त्यात कमीपणा काहीच नाही. ऐकणाऱ्यांच्या दोन-तीन पिढ्यांना राग कळले ते त्या पदांमुळे.

पाश्चात्त्य संगीतात हा प्रश्न येत नाही. तिथं रचनाकार वेगळा आणि वाजवणारा वेगळा, आणि रचनाकारासाठी स्वतंत्र पदवी असते. आपल्या मुंबईचे वनराज भाटिया लंडनच्या रॉयल अकॅडमीत आणि नंतर पॅरिसला नादिया बूलाँजे यांच्याकडे हेच शिकले, आणि परत येऊन काही वर्षं त्यांनी दिल्ली विद्यापीठात पाश्चात्त्य संगीत शिकवलं. तिथल्या विद्यार्थ्यानं स्वरलेखन केलं की काम पूर्ण होतं. कागदावर जे आहे तेच वाजणार असतं. आपल्याकडे कागदावर येतो तो सांगाडा. एकाच बंदिशीचं स्वरलेखन दोन गवयांपुढं ठेवा, दोन वेगवेगळ्या गोष्टी ऐकू येतील, आणि दोन्ही बरोबर असतील. म्हणूनच आपल्याकडे बंदिश बांधण्याची वेगळी पदवी कुणी काढली नाही. ते गाण्याच्याच पोटात राहिलं.

पण म्हणून विद्यापीठांनी काही केलंच नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. पंडित विष्णु नारायण भातखंडे हे मुंबई विद्यापीठाचे पदवीधर, पेशानं वकील. उस्तादांच्या घराण्यांत कुलूपबंद असलेल्या शेकडो चिजा त्यांनी मिळवल्या, लिहून काढल्या आणि ‘क्रमिक पुस्तक मालिके’च्या सहा भागांत छापल्या. स्वतः ‘चतुर’ या नावानं लक्षणगीतं रचली. म्हणजे रागाचे नियम त्याच रागात गाऊन सांगणारी गीतं. त्यांच्या प्रेरणेनं १९२६ साली लखनौला मॅरिस कॉलेज निघालं. तिथं १९२८ पासून जवळजवळ तीन दशकं प्राचार्य होते श्रीकृष्ण नारायण रातंजनकर, मुंबईचेच. शेकडो बंदिशी त्यांनी ‘सुजान’ या नावानं बांधल्या, त्या ‘अभिनव गीतमंजरी’च्या तीन भागांत आहेत.

माझ्या मते या शिक्षणाची सगळ्यात मोठी शाळा तीच. कारण अण्णासाहेब रातंजनकरांच्या हाताखाली शिकलेले लोक पाहा. के. जी. गिंडे, ‘सुजानसुत’. दिनकर कायकिणी, ‘दिनरंग’. हे गायक होते, शिक्षक होते आणि त्यांनी बंदिशी रचल्या. एकाच वर्गातून इतके वाग्गेयकार निघतात तेव्हा तो योगायोग नसतो. तिथं ‘रचना’ नावाचा वेगळा तास होता म्हणून हे झालं असंही नाही. एकेका रागात दहा-दहा, पंधरा-पंधरा चिजा पाठ करून घेतल्या जात. ध्रुपद, धमार, विलंबित, द्रुत, तराणा, लक्षणगीत. एवढं पोटात गेल्यावर राग कुठून धरता येतो, कुठं सोडता येतो, त्याला किती दारं आहेत, हे अंगात भिनतं. मग सोळावी बंदिश आपोआप सुचते. गिंडेजी पुढं शीवच्या वल्लभ संगीतालयात शिकवत असत. मध्य रेल्वेवरचं शीव, म्हणजे आपल्या ठाणे-कल्याणकरांना अगदी सोयीचं.

अलाहाबाद विद्यापीठात पंडित रामाश्रय झा ‘रामरंग’ होते. पाच भागांतलं ‘अभिनव गीतांजली’ हे त्यांचं काम. मैफलींच्या बाजारात त्यांचं नाव फार मोठं झालं नाही, पण त्यांच्या बंदिशी आज देशभर गायल्या जातात. मुंबईत एस.एन.डी.टी. विद्यापीठाच्या संगीत विभागाच्या प्रमुख म्हणून १९७९ ते १९९२ या काळात डॉ. प्रभा अत्रे होत्या. त्यांच्या मारुबिहाग आणि कलावतीतल्या स्वतःच्या रचना कुणी ऐकल्या नाहीत असा रसिक विरळा. ‘स्वरांगिनी’ आणि ‘स्वरंजनी’ ही त्यांची बंदिशींची पुस्तकं मी विद्यार्थ्यांना आवर्जून घ्यायला लावते. १३ जानेवारी २०२४ रोजी त्या गेल्या. आणि मुंबई विद्यापीठाचं संगीत केंद्र १९६८ पासून उभं केलं ते डॉ. अशोक रानडे यांनी. चर्चगेटच्या बी रोडवर विद्यापीठ विद्यार्थी भवनात हा विभाग आहे.

तर मग अडतं कुठं?

अनेक विद्यापीठांच्या एम.ए.ला एक प्रश्न असतो. दिलेल्या काव्यपंक्ती अमुक रागात आणि अमुक तालात स्वरबद्ध करा आणि स्वरलिपी लिहा. गुण दहा किंवा पंधरा. वेळ साधारण वीस मिनिटं. हॉलमध्ये गुणगुणायचं नाही, कारण शेजारचा विद्यार्थीही तेच लिहीत असतो. या परीक्षेत मुलांना काय साधतं? रागाचा एखादा ठरलेला आरोह घ्यायचा, त्याखाली अक्षरं मांडायची, समेवर वादी स्वर आणायचा. नियमाप्रमाणे काही चुकत नाही आणि बंदिशही होत नाही. परीक्षक तरी काय करणार? बरोबर आहे, गुण द्यावेच लागतात.

चूक नसणं आणि बंदिश असणं यांतलं अंतर नेमकं कसलं, ते एका उदाहरणानं सांगते. भूप आणि देसकार या दोन रागांचे स्वर तेच. सा, रे, ग, प, ध. पाचच. भूपात गंधार राजा, देसकारात धैवत. भूप रात्रीच्या पहिल्या प्रहराचा, देसकार सकाळचा. आता मुलाला सांगितलं की देसकारात एक मुखडा बांध. तो धैवतावर सम आणतो आणि समजतो की झालं. पण समेकडे येताना त्यानं जर ‘ग रे, ग प’ असं रेंगाळत येणं पसंत केलं, तर धैवतावर पोचेपर्यंत ऐकणाऱ्याच्या कानात भूप बसलेला असतो. सम कुठं आहे याइतकंच समेला कुठल्या रस्त्यानं आलो हे महत्त्वाचं. रेडिओवर बोलताना मी इथं दोन्ही मुखडे गाऊन दाखवले होते. छापील पानावर वाचकांनी अक्षरांवर भागवून घ्यावं, किंवा घरात पेटी असेल तर वाजवून पाहावं. चांगल्या बंदिशीचं लक्षण हेच की पहिली ओळ कानावर पडताच राग कुठला हे सांगावं लागत नाही, आणि त्या ओळीत पुढच्या अर्ध्या तासाच्या विस्ताराची बी-बियाणं असतात.

मग शब्द. इथं आपली मराठी मुलं फार अडखळतात. ख्यालाची भाषा ब्रज. तीही गवयांच्या तोंडात घासून गुळगुळीत झालेली ब्रज. या भाषेचा मोठा गुण असा की तिच्यात स्वरांना जागा आहे. ‘आवत’, ‘जावत’, ‘पियरवा’, ‘बदरिया’. हवं तिथं ओढा, हवं तिथं आखडा. मराठीत जोडाक्षरं जास्त, शब्दांचा आघात पक्का. शब्द ओढला की तो तक्रार करतो. नाट्यपदांत ते निभावतं, कारण तिथं शब्द ऐकू जायलाच हवे असतात. ख्यालात त्याच गोष्टीचं ओझं होतं. म्हणून मुलं ब्रजकडे वळतात, आणि मग काय लिहितात? ‘सास ननदिया’. ‘पनघट’. ‘बैरन’. अहो, डोंबिवलीत चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या, आठ सत्तावन्नच्या लोकलला लटकणाऱ्या मुलीचा पनघटाशी काय संबंध? परंपरेतून आलेले शब्द वापरू नयेत असं मी म्हणत नाही. जुन्या चिजेतली सासू-नणंद आपण शंभर वर्षं गात आलोच आहोत. पण स्वतः नवी चीज रचताना, जे कधी पाहिलं नाही तेच लिहायचं असेल तर रचायचंच कशाला?

माझ्या एका विद्यार्थिनीची गोष्ट इथं सांगावीशी वाटते. ती कल्याणची, नदीच्या बाजूला राहणारी. एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती. तिला देस रागात पावसाळी बंदिश करायची होती. पहिल्यांदा जे घेऊन आली त्यात मेघ गरजत होते, बिजली चमकत होती, मोर नाचत होते, आणि पिया परदेसी होता. चाल देखणी होती. मी विचारलं, ‘अगं, तू पावसात मोर कधी पाहिलास?’ ती म्हणाली, ‘नाही ताई. मी पावसात पाणी पाहिलंय.’

मग ती बोलत गेली. २६ जुलै २००५ ला ती अगदी लहान होती, तिला फक्त बाबांच्या खांद्यावर बसल्याचं आठवतं. पण २०१९ चा जुलै तिला पक्का आठवतो. २७ तारखेला उल्हास नदीच्या पाण्यामुळं वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकून पडली, हजाराच्या आसपास प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावं लागलं, ते आपण सगळ्यांनी टी.व्ही.वर पाहिलं. त्याच पाण्यात तिच्या घरात खालच्या कप्प्यातल्या स्वरलिपीच्या वह्या भिजल्या. शाई पसरली. तीन वर्षांचं शिक्षण होतं त्यात. मी म्हटलं, ‘मग हेच लिही की.’ तिला ते पटेना. बंदिशीत असलं काही चालतं का, असं तिचं म्हणणं. आठवड्यानंतर आली ती ही ओळ घेऊन:

उल्हास नदिया भर आई
पाहुनी बन घर में समाई

पहिली ओळ तीनतालात मोजून पाहा. मुखडा खालीपासून, म्हणजे नवव्या मात्रेपासून उचललेला. उल्-हा-स-न, दि-या-भ-र, आठ मात्रांत आठ अक्षरं, आणि सम ‘आई’च्या ‘आ’वर. ‘भ’वर मध्यम, ‘र’वर गंधार आणि ‘आ’ रिषभावर. म ग रे. देसचा वादी रिषभ, आणि देसची ओळख पटवणारी ती उतरण. शिवाय समेवर मोकळा आकार, म्हणजे गाणाऱ्याला तिथं थांबायला, फिरायला ऐसपैस जागा. हे तिनं मोजून केलं नव्हतं. तिच्या डोक्यात देसच्या सात-आठ चिजा पक्क्या होत्या, त्यातून ते आलं. लखनौची ती गोष्ट मी वर सांगितली, ती ही अशी.

आणि शब्द पाहा. ‘उल्हास’ म्हणजे आनंद. कल्याणबाहेरच्या माणसाला ही ओळ आनंदाची नदी भरून आली अशी ऐकू येणार. ‘पाहुनी’ आली म्हणजे आणखीच गोड. कल्याणकराच्या पोटात मात्र गोळा येणार. तिनं अंतऱ्यात ते उघड केलं:

दीप बुझे, भीगी सब पोथी
रैन न बीते, भोर न आई

आधी तिनं ‘दीप बुझे’च्या जागी ‘चूल्हा बुझा’ लिहिलं होतं. मी म्हटलं, ‘तुमच्याकडे गॅस आहे ना गं?’ दोघी खूप हसलो. पण वीज मात्र खरंच गेली होती, म्हणून दीप. ‘पोथी’ म्हणजे त्या वह्या. हे सांगितल्याशिवाय कुणाला कळणार नाही, आणि कळायलाच हवं असंही नाही. बंदिशीचे शब्द थोडे अर्धवट उघडे असावे लागतात. सगळं सांगून टाकलं की गाणाऱ्याला काही उरत नाही.

ही बंदिश थोर आहे असा माझा दावा नाही. ‘समाई’ शब्द मला अजून खटकतो. नदीचं पाणी घरात मावत नाही, शिरतं. पण ‘पैठी’ घेतलं तर यमक जातं. तिला सांगितलं, राहू दे, दहा वर्षांनी बदलशील. फैयाज खाँसाहेब ‘प्रेमपिया’ नावानं रचत, त्यांच्या चिजांचेही पाठ निरनिराळ्या शिष्यांकडे निरनिराळे मिळतात. बंदिश तोंडातोंडी फिरली की तिचे कोपरे आपोआप घासले जातात.

नाव आठवलं म्हणून सांगते. ‘पिया’, ‘रंग’, ‘दास’ लावून स्वतःची मुद्रा घेण्याची मुलांना फार हौस असते. एकही चीज हातावेगळी होण्याआधी ‘ताई, माझी मुद्रा काय ठेवू?’ हा प्रश्न येतो. मी म्हणते, आधी पन्नास बंदिशी होऊ देत. सदारंगाचं नाव आज आपण घेतो ते त्यानं मुद्रा घेतली म्हणून नाही, तीनशे वर्षं लोक त्याच्या चिजा गात राहिले म्हणून.

आता या मुलांच्या दिवसाचा हिशेब बघा. कल्याण ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे अंतर सुमारे ५४ किलोमीटर, ठाण्याहून ३४. सकाळी गर्दीची गाडी, दादरला उतरून पश्चिम रेल्वे, मग चर्चगेट. संध्याकाळी परत. जाऊन-येऊन तीन ते चार तास गाडीत जातात. कित्येक जण जोडीला शाळेत शिकवतात किंवा सुगम संगीताचे वर्ग घेतात, कारण घराला पैसा लागतो. घरी रियाज करावा तर भिंतीपलीकडे शेजारी. तानपुरा मोबाईलमध्ये. आणि तरीही मी पाहिलंय, मुलं गाडीत रचतात. उभ्या उभ्या, बोटांच्या पेरांवर सोळा मात्रा मोजत. डब्यात एखादं भजनी मंडळ टाळ कुटत असेल तर त्याच लयीत मनातली चीज बसवून पाहतात. एका मुलानं तर विलंबित एकतालाचा मुखडा दिवा ते मुंब्रा या पट्ट्यात बसवला असं मला सांगितलं. गाडी सिग्नलला थांबली होती, म्हणून जमलं म्हणे. विलंबित ख्याल बांधणं फार कठीण, शब्द कमी आणि अवकाश प्रचंड. त्यासाठी सिग्नल लागतोच.

या भागाला रचनाकारांचा वारसा नाही असं नाही. ठाण्याचे पंडित राम मराठे, १९२४ ते १९८९. त्यांची ओळख गायक म्हणून, पण ‘मंदारमाला’सारख्या नाटकाचं संगीत त्यांचं. ते शिकले अनेकांकडे. त्यातले एक जगन्नाथबुवा पुरोहित, ‘गुणीदास’. जोगकंस हा राग आपल्याकडे रूढ झाला तो बुवांमुळे. बुवांचेच दुसरे शिष्य सी. आर. व्यास, त्यांचा ‘रागसरिता’ हा बंदिशींचा संग्रह. पुन्हा तेच दिसतं. एका रचनाकाराच्या सहवासातून दुसरे रचनाकार. यांतल्या कुणीही दिलेल्या काव्यपंक्ती वीस मिनिटांत स्वरबद्ध केल्या नव्हत्या. गुरू रचताना काय खोडतो, काय ठेवतो, हे त्यांनी शेजारी बसून पाहिलं होतं. विद्यापीठाला वेळापत्रक असतं, त्यात खोडाखोड बसत नाही. माझी अभ्यासक्रम करणाऱ्यांना एकच सूचना असते. तो वीस मिनिटांचा प्रश्न काढून टाका. त्याऐवजी वर्षभराची वही मागा, ज्यात एकाच बंदिशीचे चार-पाच खर्डे असतील, आणि शेवटच्या खर्ड्याखाली तो का बदलला याची दोन ओळी कारणं. आणि ती बंदिश रचणाऱ्यानं स्वतः न गाता वर्गातल्या दुसऱ्या कुणीतरी गावी.

वहीचा आणखी एक उपयोग आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानं शब्द आणि संगीत या दोन्हींवर रचनाकाराचा हक्क मानला आहे, त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत. त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. पण रचना आपली हे दाखवायचं कसं? ‘शिवस्तुती’ या डागर बंधूंच्या नावानं सांगितल्या जाणाऱ्या ध्रुपद रचनेवरून ए. आर. रेहमान यांच्या एका चित्रपटगीताविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात दावा झाला. एप्रिल २०२५ मध्ये एकल न्यायाधीशांनी डागरांच्या बाजूनं अंतरिम आदेश दिला, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये खंडपीठानं तो रद्द केला. एखाद्यानं रचना गायली एवढ्यावरून तो तिचा कर्ता ठरत नाही, असा त्या निकालाचा रोख होता. तोंडी परंपरेत वाढलेल्या आपल्या लोकांनी यावर शांतपणे विचार करायला हवा. मी मुलांना सांगते, प्रत्येक खर्ड्याखाली तारीख घाला. मोबाईलवर ध्वनिमुद्रण करून ठेवा. आणि वह्या खालच्या कप्प्यात ठेवू नका.

हे सगळं झालं तरी मुख्य प्रश्न उरतोच. नव्या बंदिशी गाणार कोण? मैफलीत गायकाला पाऊण तास मिळतो, त्यात तो सिद्ध झालेलीच चीज घेणार. कल्याणात शंभरीच्या घरातला गायन समाज आहे, भास्करबुवांच्या स्मृतीसाठी तिथं देवगंधर्व महोत्सव होतो. ठाण्यात महापालिकेचा राम मराठे यांच्या नावचा समारोह असतो. डोंबिवलीत गणेशोत्सवापासून दिवाळी पहाटेपर्यंत मंच काही कमी नाहीत. अशा ठिकाणी मुख्य गायकाच्या आधी दहा मिनिटं, एका विद्यार्थ्याची बंदिश, दुसऱ्या विद्यार्थ्यानं गायलेली, एवढं जरी ठेवलं तरी पुष्कळ. खर्च काही नाही. श्रोत्यांना कंटाळा येईल अशी भीती आयोजकांना वाटते. मला ती पटत नाही. आपले श्रोते जाणकार आहेत, आणि नव्या चिजेला दाद देताना त्यांना मी पाहिलंय.

गेल्या पावसाळ्यात ठाण्याच्या एका घरगुती बैठकीत ती देसची बंदिश एका दुसऱ्याच मुलीनं गायली. कुणाकडून शिकली कोण जाणे, मोबाईलवरून मोबाईलवर आली असावी. तिनं ‘समाई’चं ‘सिधाई’ केलं होतं, आणि समेला येताना मध्यम-गंधाराच्या जागी पंचमावरून एक छोटी मींड घेतली होती. कर्ती माझ्या शेजारीच बसली होती. तिनं माझा हात दाबला आणि कानात विचारलं, ‘ताई, तिला सांगू का, मूळ कसंय ते?’ मी म्हटलं, ‘आधी तिचा अंतरा तर होऊ दे.’ अंतरा झाला. मग ती उठली, त्या मुलीजवळ जाऊन बसली, आणि दोघींनी मिळून वही उघडली.